येतो, गयामाय

(जैनथजवळचं एक गाव. दुपार. मैत्री संगणकापुढं बसलेली. तिची माय गयाबाई तिच्या पाठीशी उभी.)

मैत्री : माय, बटनावरचा हात काढ. आता बंद करू नको म्हटलं नं!

गयाबाई : एकच बार वं. ऐकू दे.

मैत्री : सकाळपासून तेच तर ऐकून राह्यली तू. मले भेव लागून राह्यलं.

गयाबाई : भेव कायचं? आपलाच पंकज हाय.

मैत्री : पंकजदादा नाही तो. दादाले जाऊन दोन वर्सं झाले, माय.

गयाबाई : पेनगंगेत गेला म्हनतात. कोनं पाह्यलं? सापडला काय?

मैत्री : ऐक माय. हे लिनक्स हाय, संगणक चालवते ते. याची नवी आवृत्ती उद्या साऱ्याईसाठी निंगते. त्याच्या आंधी आमच्यासारखे लोकं घरी चालवून पाहतात, काय चुकते ते कळवतात. ज्याईले दिसत नाही त्याईच्यासाठी हे पडद्यावरचं मराठी वाचून दाखवते; ते तपासाचं काम माह्याकडं हाय. त्यात बग राह्यला तर बोल मले लागन.

गयाबाई : बग म्हंजे?

मैत्री : बोंडात अळी पडते नं, तसं.

गयाबाई : माह्या लेकराले अळी म्हनतं?

मैत्री : तसं नाही वं! बंद होतानी यानं 'संगणक बंद होत आहे' येवढंच बोलाचं. आत तेच लिवलेलं हाय, मी सोता पाह्यलं. अन् हे म्हनते, 'येतो, गयामाय.'

गयाबाई : गयामाय मले त्याच्याबिगर कोनी म्हने काय?

मैत्री : नाही. म्हनूनच तर तपासून पाह्यलं. निर्मल गावची नेहा बी हेच तपासते; तिले विचारलं, तिच्याकडं बरोबर बोलते. मी सारं पुसून नव्यानं टाकलं, तरी तेच. आवाज मशीनमधल्या बाईचा, बोलनं दादाचं.

गयाबाई : त्या दिवशी मी वावरात होतो. तो मोटर पाहाले नदीवर गेला. 'येतो' म्हनाले घरात कोनी नोतं. मले 'ये' म्हनाचं राहूनच गेलं.

मैत्री : माय, तू ह्याले 'ये' म्हनली काय?

गयाबाई : म्हनलो. कोनी 'येतो' म्हटलं तं 'ये' म्हना लागते नं.

मैत्री : एकदाच?

गयाबाई : तो बोलला की मी म्हनलोच.

मैत्री : अरे देवा! काल नुसतं 'येतो' होतं. सकाळी 'नदीतून निंगालो' म्हने. अन् आत्ता?

गयाबाई : 'शाळेपाशी आलो.'

मैत्री : शाळा अन् आपल्या घरात काय अंतर हाय, माय?

गयाबाई : म्हनून तं म्हनतो, एकच बार.

मैत्री : नाही. मी कळवतो. ते लोकं सांजेपर्यंत दुरुस्त करतीन.

गयाबाई : मंग बोलन काय तो?

मैत्री : नाही बोलाचा.

गयाबाई : परत एकदा नेतं काय वं त्याले माह्यापासून?

मैत्री : असं नको बोलू! मले का तो नको हाय? माहा बी भाऊ होता. रोज आठवते मले. पन जे येऊन राह्यलं ते दादा नसलं तं?

गयाबाई : कसाबी असू दे. माहा हाय.

मैत्री : हे पाय, लिवून राह्यली. 'काय झालं' ते लिवलं. फारमात खाली विचारते, 'काय व्हायला पाहिजे होतं?'

गयाबाई : लिव. पोरगं घरी याले पाहिजे होतं.

मैत्री : माय...

गयाबाई : लिव नं. विचारते तं सांगा लागते.

मैत्री : लिवलं. पाठवलं, साऱ्याईले दिसते तिथं.

गयाबाई : झालं?

मैत्री : झालं. थांब, उत्तर आलं. येवढ्या लवकर कसं?

गयाबाई : वाच.

मैत्री : कोनी अनोळखी हाय. म्हनते, 'माझ्याकडेही असंच होतं आहे. आमची मुलगी आता दारापाशी आली आहे. पाया पडते, हे दुरुस्त करू नका.'

गयाबाई : पाय, त्याईची बी आली.

(मैत्री उठून दाराकडं जाते.)

गयाबाई : मैत्री? तू उठून कडी काऊन लावून राह्यली? राहू दे वं उघडं.