आठ भोकांचा डबा

नाही नाही, तुम्हीच सांगा, एक वायर आत जाते आणि सात बाहेर येतात, हे कुठल्या शास्त्रात बसतं? अहो, चौतीस वर्षं पाणीखात्यात गळती शोधली मी! जमिनीला कान लावून सांगायचो, इथे खणा! आणि मला शिकवतोय कोण, तर भाचा! ‘मामा, राउटरला चारच भोकं, ती भरली. आता हा आठ भोकांचा डबा लावला की पाहिजे तेवढ्या वायरी लावा. वहिनीला मुलाखतीला पक्कं नेट!’ मी म्हटलं, अरे, एका पाइपला सात नळ लावले की वरच्या मजल्यावर थेंब चढत नाही! तर हसला. तुम्हाला सांगतो, गळतीचं नाव काढल्यावर जो माणूस हसतो ना... त्याच्यावर लक्ष ठेवायचं. कुठेतरी गळतंय!

सूनबाईची मुलाखत होती हो, शनिवारी अकराला. नातीपायी चार वर्षं घरात बसली पोर. हुशार आहे, पण चार ठिकाणी ‘कळवतो’ म्हणाले आणि कुणी कळवलं नाही. ही पाचवी. जीव तुटत होता माझा, खोटं कशाला बोलू! म्हणून अकराला दोन मिनिटं असताना म्हटलं, एकदा डबा बघून घ्यावा. बघतो तर काय? चपलांच्या कपाटावर डबा, हिरवे दिवे मिचमिच करतायत, आणि एक भोक सताड उघडं! शेजारी एक वायर, तिचं एक टोक डब्यात आणि दुसरं लोंबतंय! भाच्याचं म्हणणं, टीव्ही इकडे हलवला की ते त्याला लावायचं. आणि तोवर? दोन उघडी तोंडं! आमच्या खात्यात लाइन अशी सोडली असती तर साहेबांनी सालटं काढलं असतं! मग मी काय केलं... लोंबतं टोक घातलं उघड्या भोकात. टक्! दोन्ही तोंडं बंद. आता गळ म्हणावं!

अकरा वाजले. मी दाराशी कान लावून. आतून कुणीतरी विचारलं, ‘गेली चार वर्षं काय केलंत?’ सूनबाई बोलणार... तर पडद्यावरचे तिघेही जागच्या जागी थिजले! ‘बाबा, नेट गेलं!’ धावलो डब्याकडे, तर सगळे दिवे पिसाळल्यासारखे लुकलुकतायत! म्हटलंच होतं मी, कुठेतरी गळतंय! आणि कुठे गळणार? वरच्या मजल्यावर, डेंटिस्टकडे! तो माणूस मला लिफ्टमध्ये कधीपासून जरा जास्तच गोड हसतो...

तसाच जिना चढलो. ‘डॉक्टर, तुमच्या वायरी दाखवा!’

‘आजोबा, आमचं नेट तर छान चालू आहे.’

‘बघा! चालू आहे! म्हणजे आमचं कुठे गेलं ते कळलं!’

आवाज जरा चढला माझा, नाही म्हणत नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भाचा! ‘मामा, वहिनीचा मेसेज आला. ती लोंबती वायर परत त्याच डब्यात खुपसली नाहीत ना?’

‘...का रे?’

‘अहो, मग तेच ते आतल्या आत गोल गोल फिरत बसतं, बाकी कुणाला वाटच मिळत नाही!’

मान खाली घातली, तर खालच्या पायरीवर सूनबाई! मोबाइलवर! राहिलेली मुलाखत तिथेच बसून देत होती हो! आणि फोनमधून एक बाई विचारतायत, ‘मागे कोण ओरडतंय?’

पोरीने पापणीही न लववता सांगितलं, ‘माझे सासरे. चार वर्षं काय केलं विचारत होतात ना? यांनाच सांभाळत होते.’

लागली नोकरी! तक्रार विभागाची प्रमुख म्हणून! पत्र वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं... एवढं शोधून ती एकच गळती सापडली म्हणा.

पण तेव्हापासून घरात माझी काय किंमत राहिलीय, विचारू नका. परवा अख्ख्या भागाची वीज गेली. दुकानं बंद, दवाखाना बंद, रस्त्यावरचे सिग्नल बंद. मी आपला खुर्चीत, हाताची घडी घालून, निर्दोष! आणि आतून सूनबाईचा आवाज, अगदी शांत... ‘बाबा, कशाला हात लावलात?’

आणि तुम्हाला सांगतो... मीसुद्धा जरा आठवून बघितलं.