गयाबाईच्या खांद्यावरचा हात

मंडळी, आज एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. माणूस पुसता येतो का?

पाटीवरचं अक्षर पुसता येतं. ओट्यावर सांडलेला चहा पुसता येतो. पण हाडामांसाचा, सख्खा माणूस — पुसता येतो का हो?

ते खांबापाशी बसलेले पाहुणे मान हलवताहेत. नाही म्हणताय? अहो, येताना वेशीवरचा माझा फ्लेक्स बघितला नाही का! मी स्वतः पाच मिनिटं त्याच्यासमोर उभा! म्हटलं, हे महाराज कोण? गोरेपान! कपाळाला आठी नाही, गळ्याला सुरकुती नाही! माझी पंचवीस वर्षं पुसली की त्या फ्लेक्सवाल्या पठ्ठ्यानं! घरी फोटो पाठवला, तर आमच्या सौभाग्यवती विचारतात — "यांचं कीर्तन कधी आहे? मी येते!"

हसा, हसा. पण मी नावं ठेवत नाही बरं का! फोटो सुधारायचं ते सॉफ्टवेअर मोठं गुणी आहे. फाटका फोटो सांधतं, विटलेल्या फोटोत रंग भरतं. विळीसारखंच आहे ते. विळीवर भाजी चिरायची की बोट कापून घ्यायचं, हे विळी ठरवते का? नाही ना? मग ऐका.

मांजरखेड नावाचं गाव. स्टँडसमोर एक दुकान — 'समर्थ डिजिटल'. लग्नाचे, वाढदिवसाचे, निवडणुकीचे फ्लेक्स तिथं बनायचे. आणि बनवणार कोण? उज्ज्वला कासार! पस्तिशीची बाई, कामात वाघीण. कुणाच्या शर्टावरचा डाग काढ, कुणाच्या टकलावर केस लाव — म्हणाल ते! आणि माणसं काढून टाकण्यात तर तिचा हातखंडा! पुढाऱ्यानं पक्ष बदलला, की जुन्या पक्षाचे कार्यकर्ते फोटोतून गायब!

पण तिची एक सवय होती. काढलेला माणूस ती कधी खोडून टाकायची नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये, मंडळी, चित्राचे थर असतात. काचेवर काच ठेवावी तसे. प्रत्येक थरापुढं एक बारीकसा डोळा. डोळा मिटला, की तो थर दिसेनासा होतो. जातो का? नाही! आतच असतो. उज्ज्वला नुसता डोळा मिटायची. का? तर म्हणायची, "खोडून काय उपयोग? सहा महिन्यांत माणूस परत त्याच पक्षात! मग मीच शोधत बसू का त्याला?"

एक दिवस दुकानात आले मच्छिंद्र औताडे. गावातलं भारदस्त माणूस. आई गयाबाई पंचाहत्तर वर्षांची होणार, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं, गावजेवण घालायचं. मोबाइल पुढं केला, म्हणाले, "उज्ज्वलाताई, आईचा हाच फोटो घ्या. बाकीच्या फोटोंत आई पोलीस चौकीत बसल्यासारखी बसते."

खरंच! या एकाच फोटोत म्हातारी खुदकन हसली होती. एका बाजूला मच्छिंद्र, दुसऱ्या बाजूला धाकटा जालिंदर. आईच्या कानात काहीतरी सांगणारा.

"याला काढा," मच्छिंद्र म्हणाले.

उज्ज्वला म्हणाली, "भाऊ, त्यांच्यामुळंच तर आई हसताहेत."

"हसू राहू द्या. त्याला काढा!"

बघा मंडळी! फळ पाहिजे, झाड नको!

आता भांडण कशाचं? जमिनीचं? नाही. बायकांचं? बायकांवर ढकलू नका! भांडण होतं दोन निळ्या रेघांचं! वर्षापूर्वी गयाबाईंना एकाएकी दवाखान्यात ठेवावं लागलं. मच्छिंद्रनं घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला — "आई ॲडमिट आहे. लगेच ये." जालिंदर चाकणला कारखान्यात. मेसेजपुढं दोन निळ्या रेघा उमटल्या. म्हणजे वाचला! पण उत्तर नाही, फोन नाही. तीन दिवसांनी कुणाकडून तरी कळलं, तेव्हा धापा टाकत आला. मच्छिंद्र दारातच आडवा! "आता कशाला आलास?"

"दादा, मी मेसेज बघितलाच नाय रे!"

"निळ्या रेघा काय खोटं बोलत्यात व्हय?"

झालं! त्याच दारात त्याला ग्रुपमधून काढला. रेघेवर विश्वास, भावावर नाही! आणि मंडळी, मच्छिंद्रला फोन लावायला काय झालं होतं? एक फोन! पण मेसेज टाकला की आपलं कर्तव्य संपतं ना आजकाल!

जालिंदरही मानी. म्हणाला, "दादा बोलावंल तवाच येईन." आईशी फोनवर बोलायचा, पण उंबरा चढला नाही. म्हातारीनं थोरल्याला दोनदा सांगून बघितलं. मग गप्प झाली. आईचं गप्प बसणं फार वाईट असतं, मंडळी. आपल्याला वाटतं, विसरली.

असो. उज्ज्वलानं जालिंदरला कापून वेगळ्या थरावर घेतलं आणि त्या थराचा डोळा मिटला. मागं मोगऱ्याचा वेल घातला. आईच्या खांद्यावर एक हात होता, मच्छिंद्रच्या बाजूच्या खांद्यावर. त्यांचाच असणार, म्हणून तिनं तसाच ठेवला. हाताचं एक बोट आखूड दिसत होतं. पदराच्या घडीत गेलं असेल, असं तिला वाटलं. मच्छिंद्रनं स्वतः बघितलं, म्हणाले, "झकास!"

रविवार उजाडला. अंगणात मांडव, पंचाहत्तर पणत्या मांडलेल्या, आणि समोर दहा फुटी फ्लेक्स! उज्ज्वला स्वतः बांधायला आलेली. "वा, किती छान हसताहेत आई!" जो तो म्हणतोय. गयाबाई नवी साडी नेसून बाहेर आल्या. फ्लेक्सकडं बघितलं. बघतच राहिल्या. पाटाकडं यायच्या, त्या निघाल्या सरळ फ्लेक्सकडं! टाचा उंचावल्या, आणि खांद्यावरच्या त्या हातावर आपला तळवा ठेवला.

"मच्छिंद्रा, ह्यो हात कुणाचा रं?"

"कुणाचा म्हंजे? माझाच की, आई!"

"तुझा? बोटं बघ की नीट!"

मच्छिंद्र जवळ गेले. बघितलं. अंगठ्याजवळचं बोट... अर्धंच!

अहो, जालिंदरचा हात होता तो! आईच्या पाठीमागून वळसा घालून थोरल्याच्या बाजूला आलेला! सगळा माणूस पुसला, हात राहिला! आणि ते बोट अर्धं का? लहानपणी मच्छिंद्र कडबा कुट्टीच्या यंत्रात वैरण सारत होता. बाही अडकली. हात आत ओढला जाणार — तेवढ्यात दहा वर्षांच्या जालिंदरनं आपला हात घातला आणि भावाला मागं खेचलं. थोरल्याचा हात वाचला. धाकट्याचं बोट गेलं!

गयाबाई एवढंच म्हणाल्या, "ज्यानं तुझा हात राखला, त्याचाच हात तू आपला म्हणून सांगतोस?"

उज्ज्वलाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पहिल्यांदा कामात चूक झाली, तीही एवढ्या लोकांत! आणि मच्छिंद्र? पन्नाशीच्या उंबऱ्यावरचा तो गडी आपल्या दोन्ही हातांकडं बघत उभा. दहाच्या दहा बोटं शाबूत! डोळ्यांतून धारा! खिशातून फोन काढला, जालिंदरचा नंबर लावला. घाईत बोट भलतीकडं पडलं, स्पीकर चालू झाला ते कळलंच नाही.

पलीकडून चिमणा आवाज — "हॅलो? बाबा अंघोळीला गेलेत. कोण बोलतंय?"

"मी... मी काका, बाळा."

"मच्छिंद्र काका! तुम्ही ग्रुपवर फुलं पाठवायची का बंद केली? मी रोज बाबांच्या फोनवर उघडून बघायचे!"

"मेसेज... तू उघडायचीस?"

"हो! गुलाबाची, कमळाची. एकदा फूलच नव्हतं. नुसतं लिहिलेलं होतं. मला वाचता नव्हतं येत, मग मी बंद केला."

रामकृष्णहरी! कळलं का मंडळी? पाच वर्षांची पोर फूल शोधत होती, आणि इथं वर्षभर एक घर सुकत होतं!

मच्छिंद्रनं डोळे पुसले. म्हणाला, "बाबाला सांग, दादा बोलावतोय. आई पाटावर बसायची थांबलीय."

मग काय! पंगत खोळंबली, आमटी तीनदा गरम झाली, पण एक माणूस उठला नाही! तीन तासांनी मोटारसायकल आली. पुढं पोरगी, मागं बायको, जालिंदर नखशिखांत धुळीनं माखलेला. मच्छिंद्र पुढं झाला, त्याचा तो हात धरला, अर्ध्या बोटाला कपाळ टेकवलं. "चुकलो रे." जालिंदर म्हणाला, "दादा, सोड की. आमटी कधीची उकळतीया!" आणि दोघंही रडताहेत!

पणत्या लागल्या. मधे गयाबाई, दोन्ही बाजूंना दोन लेक, खांद्यावर तोच हात. उज्ज्वलानं फोटो काढला. म्हणाली, "जालिंदरभाऊंच्या तोंडावरची धूळ काढून टाकते हं."

म्हातारी म्हणाली, "पोरी, त्या धुळीला हात लावू नगंस. तीन तासांची वाट हाये ती!"

आणि जुन्या फोटोचं काय? उज्ज्वला दुकानात गेली, मिटलेला डोळा उघडला. जालिंदर होता तिथंच. कानात सांगत.

आता मंडळी, माझा प्रश्न. माणूस पुसता येतो का? तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय, कुणाला ग्रुपमधून काढलंय — मला नका सांगू, तुम्हाला ठाऊक आहे. माणूस कुठं गेलेला नाही. तुमचा डोळा मिटलाय, एवढंच! एरवी कीर्तनकार सांगतात, फोन बंद करा. मी सांगतो — काढा बाहेर! मेसेज नको, फोन लावा! देवाची आरती दोन मिनिटं थांबेल, देवाची हरकत नाही.

अहो... ते दुसऱ्या रांगेतले आबा चष्मा शोधताहेत. द्या हो कुणीतरी त्यांना नंबर काढून! हां... मृदंगवाले, हात थांबवा जरा.

आबांची रिंग जातेय.