मुसळावर तोललेले घर

मंडळी, ऐका! एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो — आपण ज्याला खांदा दिला आहे, त्याला आपल्या खांद्याची गरज आहे का? हसू नका! आणि उत्सवसमितीच्या अध्यक्षांकडे तर मुळीच पाहू नका!

फार प्राचीन काळ. सह्याद्रीच्या एका कड्यात भिक्षूंसाठी चैत्यगृह कोरणे चालले होते. आत बुद्धाची मूर्ती? छे! त्या काळी भगवंतांचे रूप घडवीत नसत. गोल घुमटाचा स्तूप, तोच वंदनीय! आणि वर छत — पाषाणाचे, पण हुबेहूब लाकडी वाशांचे! पूर्वीची प्रार्थनागृहे लाकडाची. दगडात शिरले तरी हात जुनेच वळण गिरवीत होते.

हे काम इसिपालाकडे. जन्माचा सुतार! ते वासे काहीच पेलत नव्हते — डोंगराला वासा कशाला? पण इसिपाल रोज वर पाहून म्हणे, "माझ्यावर डोंगर तोलला आहे!"

एके दिवशी मित नावाचा त्याचा मेहुणा धापा टाकीत कडा चढून आला.

"दाजी, घरची तुळई वाकली. ताईने खाली मुसळ उभे केले आहे. चला!"

"मी हललो तर डोंगर बसेल!"

"अहो, डोंगर आमच्या आजोबांच्या आधीपासून उभा आहे!"

"तेव्हा तो पोकळ नव्हता!"

काय बिनतोड उत्तर! न जाण्याची कारणे नेहमी बिनतोडच असतात, मंडळी. मित परतला. पुढच्या वर्षी आला, त्याच्या पुढच्या वर्षीही — उत्तर तेच!

आता लेणे कोरतात वरून खाली. आधी छत, सर्वांत शेवटी खांबांचे पाय. अखेरच्या खांबाच्या पायाशी अखेरचा घाव पडला — आत भेग होती — काडकन् पायच निखळला! कारागीर पळाले. इसिपाल मात्र धावला, खांबाखाली खांदा घालून ओरडला, "पळा! मी धरले आहे!"

घामाने निथळत उभा! तेवढ्यात एक वृद्ध भिक्षू आले, स्तूपाला शांतपणे वंदन करून वळले.

"भन्ते, बाहेर व्हा! छत पडेल!"

"उपासका, तुझा खांदा आणि खांब यांत चार बोटे अंतर आहे."

इसिपालाने मान वळवली. खरेच! खांब वरून लोंबत होता, डोंगरानेच धरला होता!

त्याच पावली तो घरी निघाला. दार उघडतो तो काय — वाकलेली तुळई, खाली मुसळ, आणि त्याच्याशेजारी चूल फुंकणारी बायको, नंदसिरी. त्याने लाजत तुळईखाली खांदा घातला. आणि मंडळी, या वेळी भार लागला! गुडघे वाकले!

"सांभाळून," नंदसिरी म्हणाली, "हे खरोखर पडते हो! आणि ते मुसळ मोकळे करा आधी. तीन वर्षे शेजारणीच्या दारात तांदूळ कांडते आहे मी."

तर मंडळी, आता मंडप उतरवायला आपण सारे थांबाल, हे मी जाणतो. थांबू नका! मंडप उतरेल. घरी जा. आपल्यावाचून कोणाचे मुसळ अडकले आहे, ते पाहा — आणि खांदा द्याल तेव्हा एवढेच तपासा, भार लागतो आहे की मध्ये चार बोटे अंतर आहे!