बादाव

नाही, बसा हो, तुमची मुलगी अजून झोक्यावरच आहे. तर सांगत काय होतो — बादाव. चिनी शब्द आहे. समोर वाफ्यात माझ्या बायकोशेजारी बसल्यात ना, त्या लिनबाई, त्यांनी मला दिलेला. झालं काय, दोघींनी मिळून काहीतरी लावलं होतं, लसणाच्या पातीसारखं. रांग वाकडी होती — मी उपटून सरळ मेथी पेरली. हेडमास्तर होतो नागपूरला, वाकडी रांग बघवत नाही. लिनबाई म्हणाल्या, बादाव. राधा, बायको माझी, हसली. मला वाटलं, कर्तबगार वगैरे असेल. महिनाभर इथल्या चिनी आजोबांना हात मिळवून सांगत होतो — आय अ‍ॅम बादाव. तेही हसायचे. मीही हसायचो.

परवा केयानं सांगितलं — नात माझी, शाळेत चिनी शिकते. म्हणाली, आबा, इट्स नॉट अ गुड थिंग. बादाव म्हणजे दुसऱ्याचं काही चालूच न देणारा. लाज वाटली हो, फार लाज वाटली. आणि राधाला पहिल्या दिवसापासून ठाऊक, फोनवर अर्थ बघितला होता तिनं. म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणते, तुम्ही विचारलंत कुठे.

खरंय. एक्केचाळीस वर्षांत काय विचारलं मी? तिला शिक्षिकेची नोकरी लागली होती — नकाराचं पत्र मी लिहिलं, सही तेवढी तिची. अक्षर माझं चांगलं म्हणून, असं मी सांगतो लोकांना. तुम्हाला का सांगतोय हे? असो. गुरुवारी आमचं परतीचं विमान आहे, दोघांचं, तिकिटं मीच काढली. काल प्रफुल्ल, मुलगा, त्याच्याकडेच आलोय ना आम्ही, बोलता बोलता म्हणाला, आईला दिवाळीपर्यंत थांबायचंय. त्याला माहीत, सुनेला माहीत, केयाला माहीत, लिनबाईंना माहीत. मला नाही.

मग रात्रभर विचार करून मी ठरवलं — तिनं थांबायचं, मी एकट्यानं जायचं, तिचं तिकीट कॅन्सल. सकाळी केलंसुद्धा. आणि आता इथे बसल्यावर लक्षात येतंय — हेही मीच ठरवलं. कदाचित मी थांबावं असं असेल तिच्या मनात. कदाचित मी जावं असंच असेल. विचारायला हवं. साधा प्रश्न आहे, पण तो विचारायचा कसा, ते येत नाही मला.

उठली बघा ती, इकडेच येतेय. तुम्ही जा आता. नाही, खरंच जा — तुमच्यासमोर मला जमायचं नाही.