काजूखालचे धाकूबाबा

न्हाय म्हणजे न्हाय, प्रफुल्ल. फोटो मिळायचा न्हाय. बस तू, चहा पी — पण विहाराच्या नव्या खोलीत आमच्या ह्यांचा फोटो, आणि खाली ‘मुंगीलाही न दुखावणारे ध्यानी धाकूबाबा’ — कुणाच्या डोक्यातून निघालं रं हे? कमिटीच्या? कमिटीतल्या एकानं तरी त्यांना कधी विचारलं, की बाबा, उघड्या अंगानं काजूखाली बसून तू करतोस काय? तांबडे मुंगळे दंडावरून, छातीवरून फिरतायत आणि माणूस डोळे मिटून गप्प — म्हणजे ध्यान! वरच्या आळीत असते तर अंगात आलं म्हणाले असते, भगताकडं नेलं असतं. आपण धम्मातले शहाणे — आपण शाल घातली.

ध्यान नव्हतं ते.

मग काय होतं? काही न्हाय. पी चहा... आता तोंड उघडलंच हाय तर ऐक, आणि मान खाली घालू नको, दोन पोरांचा बाप तू. बायकोपाशी पुरुषाला जे वाटावं ना, ते त्यांना मुंगळ्यांपाशी वाटायचं. एवढंच. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं मला. दुपारचा माणूस गुपचूप उठून जातो, मला वाटलं बाई हाय — दुसरं काय वाटणार? कोयता घेऊन मागं गेले, तिचं नाक कापायला! बघते तर बाई न्हाय, काजू. आणि त्यांचं तोंड — माझ्याकडं बघताना तसं तोंड कधी झालं न्हाय. मी परत आले, चुलीवर भात चढवला. एकदाच बोलले ते त्यावर — “धोंडू, तू चांगली हायस गं. माझं अंगच ऐकत न्हाय.”

माणगावच्या डॉक्टराला विचारलं, तो हसला. त्या हसण्यापायी मी अक्षरं शिकले, माहीत हाय तुला? साक्षरतेच्या वर्गात बाकीच्या बाया सहीपुरत्या यायच्या, मी भांडायला. मग मिळेल ते वाचलं. पुढं मुंबईत एक डॉक्टरीणबाई भेटली, ती न्हाय हसली. म्हणाली, मावशी, ह्याला नाव हाय, डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, किड्यामुंग्यांच्या स्पर्शात जीव अडकलेली माणसं दुसऱ्या देशांतबी हायत. भूत न्हाय, पाप न्हाय. का होतं, ते मात्र तिलाबी धड सांगता येईना — कुणाचं एकटेपणातून, कुणाचं आणखी कशातून. आता ह्यांची आई बाळंतपणात गेली. चुलतीनं वाढवलं ते ताट लांबून सरकवून. पाठीवरून हात फिरवणारं कुणी न्हाय. त्यातून आलं काय? कोण सांगणार.

आणि मग तुमची ती बुद्धपौर्णिमा! माईकवरून ‘करुणेचा पुतळा’ — टाळ्या! शाल घेऊन घरी आले, जेवले न्हाय. म्हणाले, “लोकांनी चोर म्हटलं असतं तर चाललं असतं.” परत काजूकडं गेले न्हायत. शरमेनं खाल्लं त्यांना, मुंगळ्यांनी न्हाय. दिवसभर खाटेवर, हात असे उताणे पसरून. शेवटी शेवटी मीच एक फांदी तोडून आणली — मुंगळ्यांचं पानं शिवलेलं घरटं होतं तिला — कोपरापर्यंत चावून काढलं मला, तरी आणली, उशाशी धरली. म्हटलं, घ्या. मी बाहेर बसते. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं, आणि रडले. सबंध संसारात माझ्यासमोर तेवढंच.

तू कशाला डोळे पुसतोस? रडायचं तर माझ्यासाठी रड. बारशाला मला कुणी बोलावलं न्हाय — तुझ्याबी न्हाय, विचार तुझ्या आईला. ते संत आणि मी वांझ! आणि माझी कूस कुणी तपासलीबी न्हाय, प्रफुल्ल. तिला कुणी शिवलंच न्हाय. एवढी वर्षं मी गप्प बसले, कारण मी बोलले असते तर ते मेले असते. तसेबी मेलेच.

आता मी जाते काजूखाली. एखादा मनगटावर चढतो, मी झटकत न्हाय. बघते, काय होतं ते. काही होत न्हाय रं मला. चावतो नुसता.

लावायचाय फोटो? लाव. देते काढून. पण खाली खरं लिहायचं, मी सांगितलं तसं. ... न्हाय ना? ठाऊक होतं.

ऊठ मग. चहाबी निवला. आणि जाताना काजूखालून जाऊ नको, बांधावरून जा — घरटी खाली आलीत.