खिडक्या उघडा म्हणणारा माणूस

तुम्ही हसाल, पण नव्या जिल्ह्याचं आमचं मुख्यालय एका भोंग्यानं घालवलं.

दुष्काळाचं साल. मुख्यालय किनवटला नको, इस्लापूरला पाहिजे, असा ठराव लिहायला आम्ही इस्लापूरकडचे चाळीस जण नांदेडला एका नव्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये बसलो. पाचच्या आत तो कलेक्टर कचेरीत द्यायचा होता. पाण्यावाचून कूलर बंद, तरी आमचे पुढारी गंगाधरअण्णा म्हणाले, "खिडक्या लावा. किनवटवाले कान लावून हायेत."

थोड्या वेळानं आगीचा भोंगा वाजला. सगळे खाली पळालो. आग कुठंच नाही. वर आलो, बंद खिडक्यांत पुन्हा बसलो, पुन्हा भोंगा. अण्णा माझ्याकडंच बघून म्हणाले, "कोन तरी बटन दाबून राहिलंय."

शेवटी बिल्डिंगचे वायरमन गफूरभाई आले. "अण्णा, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं मशीन मालकानं भोंग्याला जोडलंय. एवढ्या माणसांचा श्वास कोंडला की वाजतंय. खिडक्या उघडा, बस."

अण्णांनी डोळे बारीक केले. "सासुरवाडी कोनती तुमची?"

"किनवट. का?"

"तरीच खिडक्या उघडा म्हनून राहिला!" अण्णांनी त्यांना बाहेर काढून दारालाही कडी लावली.

दहा मिनिटांत भोंगा वाजला.

"म्हंजे त्यांचा मानूस आतच हाय!" अण्णा एकेकाला उभं करून सासुरवाडी विचारू लागले. पाच वाजून गेले. निम्म्यांची किनवट निघाली.

अण्णांचीसुद्धा.