उकळत्या पाण्याचा आळ

...नाही नाही, ते खोकं टेबलावर नको, वहिनी — खाली ठेवा, दाराशी. पाहिलं मी. सात ना? आठ? आठ पिल्लं, आणि आठांचीही शेपटाखालची पिसं शिटेनं लिंपलेली, वाट बंद — मग जगणार कशी बिचारी? पण ती माझ्या खाद्यानं मेली असं म्हणू नका. म्हणजे तुम्ही म्हणत नाही, नुसत्या खोक्याकडे बघताय, ते त्याहून वाईट. बसा. नाही? बरं.

जव चिकट असतो, हे कोण नाकारतंय? मीच सांगितलं होतं ना, चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर — कोंबडीच्या पोटात जवाची खळ होते, म्हणून त्यात ही एन्झाइमची पावडर घालायची, ती खळ मोडते — मग समुद्रापलीकडच्या सोयाबीनचे नखरे कशाला? आपल्या दोब्रुजाच्या मातीत जव आहे, सूर्यफुलाची पेंड आहे, झालं की! अकरा घरं तयार झाली. मला म्हणायचे, ग्रोझ्दान गिरणीवाल्यानं गावाला शहाणं केलं! आता पिल्लं मेली तशी दहा घरं शहरातून पोती आणतात आणि मला बघून रस्ता बदलतात. उरल्यात तुम्ही एकट्या. तुम्हीही गेलात तर ही गिरणी कुणासाठी चालवू — उंदरांसाठी?

तर खरं सांगा, गरम पाणी ओतता ना? ओततच असणार. तुमच्या सासूबाई ओतायच्या, माझी आई ओतायची — मार्चातली थंडी, भरड्यावर उकळतं पाणी, वाफ दिसल्याशिवाय बायकांचं समाधान नाही — आणि तिथंच घात होतो! उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का? नाही लागत. मरतं विरजण. तसंच हे. एन्झाइम मेलं, मग राहिलं काय? नुसता जव. इतकं सोपं आहे, पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर — काय? नाही ओतत? कोरडंच घालता? एकदाही नाही? बघा हं, तुमचा मिल्को, देवाघरी गेला बिचारा, माझा जिवाभावाचा मित्र होता, त्याच्या बायकोनं माझ्याशी खोटं — बरं, बरं. चुकलो. तोंडावरून कळतंय.

मग पावडर कमी पडली म्हणाल. छे! इतरांचं सोडा, तुमच्या पोत्यात तर मी दुप्पट घालतो. हो, पहिल्यापासून, कुणाला न सांगता. असं बघू नका. तुमची पिल्लं गावात उठून दिसावीत, एवढंच. म्हणजे — एवढंच नाही, पण ते राहू दे, या वयात काय बोलायचं ते.

आणि गेल्या वर्षी मेलं का एक तरी? नाही! तेव्हा भरडा होता, मी हातानं कालवायचो, अर्धा वाऱ्यानं उडायचा, बायकांची कटकट — म्हणून तर नव्या वर्षात हे गोळ्यांचं यंत्र आणलं. ऐका, कसं धडधडतंय! जव, पेंड, पावडर, सगळं वरून टाकायचं, वाफ सोडायची, खालून गोळ्या तयार. ती गुराकोंबड्यांची डॉक्टरीणबाई सांगत होती, पावडर मागाहून, गोळ्या गार झाल्यावर पाण्यातून शिंपडा म्हणून. कोण बसतंय गार व्हायची वाट बघत? आधी घातली काय अन् नंतर घातली काय, शेवटी जायचंय ते पोटातच, त्यात काय एवढं — अहो, हात नका घालू तिथं, आत्ताच पडल्यात त्या, भाजेल —

भाजलं?

दाखवा बोटं. — थांबा. थांबा जरा.

...वाफ.

विरजण मीच मारलं, सगळ्यांचंच. अकराही घरांचं. आणि मी दारोदार जाऊन बायकांना बोललो, उकळतं पाणी ओतता म्हणून.

ते गोळ्यांचं पोतं नेऊ नका, ठेवा खाली. ठेवा म्हणतो ना! खोकंही राहू द्या, मी पुरतो त्यांना. दहा घरांना मीच सांगेन, आजच सांगेन — पण आधी तुम्ही जा. तुमच्यादेखत मला हे यंत्र बंद नाही करता येणार.

जा, वहिनी. दार ओढून घ्या.